कॅनडाला निघालात आणि बाळ येणार आहे? मग तीन महिन्यांचा हा हिशेब आधी मांडा

मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी येतो. “पीआर (कॅनडात कायम राहण्याचा परवाना) आला. सहावा महिना चालू आहे, पुढच्या महिन्यात व्हँकुव्हरला लँडिंग. बाळंतपण तिथल्या सरकारी विम्यात बसेल ना?” लगेच खाली उत्तरं येऊ लागतात. कुणी म्हणतं, कॅनडात सगळं फुकट असतं, बिनधास्त जा. कुणी म्हणतं, पहिले तीन महिने काहीच मिळत नाही, तिकीट पुढे ढकला. कुणी ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्यायला सांगतं, तर कुणी “त्यापेक्षा माहेरीच बाळंत हो आणि मग ये” असा सल्ला देतं.

यातलं कुठलंही उत्तर पूर्ण खोटं नाही. प्रत्येक उत्तर कुठल्या तरी प्रांतासाठी, कुठल्या तरी वर्षासाठी खरं होतं. पण प्रश्न विचारणारी बाई एका ठरावीक प्रांतात, ठरावीक तारखेला उतरणार असते, आणि तिच्या पोटातलं बाळही साधारण ठरलेल्या तारखेलाच येणार असतं. चुकीचं उत्तर तिच्या वाट्याला आलं तर बाळंतपणाचं काही हजार डॉलरचं बिल खिशातून भरावं लागतं, किंवा तान्ह्या बाळाला घेऊन कॅनडात यायचा रस्ताच महिनोन्महिने अडून राहतो. दोन्ही गोष्टी टाळता येतात, फक्त हिशेब तिकीट काढायच्या आधी व्हायला हवा.

वेटिंग पीरियड म्हणजे नेमकं काय?

भारतात मेडिक्लेम घेतलेल्यांना हा शब्द नवा नाही. पॉलिसी सुरू झाली, हप्ता गेला, तरी काही आजारांचा आणि प्रसूतीचा खर्च ठरावीक काळ मिळत नाही, तो वेटिंग पीरियड. आपल्याकडे वैयक्तिक पॉलिसीत प्रसूतीसाठी हा काळ नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत असू शकतो. त्यामागचा विचार उघड आहे: दिवस गेल्यावर कुणी विमा घेऊ नये.

कॅनडातला वेटिंग पीरियड वेगळ्या जातीचा आहे, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. तिथे आरोग्य विमा प्रत्येक प्रांताचं सरकार चालवतं. ओंटारिओचा ओहिप, ब्रिटिश कोलंबियाचा एमएसपी, क्युबेकचा आरएएमक्यू. डॉक्टर आणि इस्पितळाचा खर्च हा विमा थेट भरतो. काही प्रांतांत नव्याने आलेल्या माणसाला हा विमा लगेच लागू होत नाही, काही आठवडे थांबावं लागतं. पण हे थांबणं बहुतेक ठिकाणी सगळ्याच उपचारांसाठी सारखं असतं. पोट दुखो, हात मोडो, बाळंतपण असो. आणि एकदा विमा सुरू झाला की गर्भारपण आधीपासूनचं आहे म्हणून कुणी नाकारत नाही. नववा महिना लागल्यावर विमा सुरू झाला, तरी त्या तारखेनंतरची प्रसूती पूर्णपणे विम्यातून होते.

हा मुद्दा मी मुद्दाम ठासून सांगते, कारण मेडिक्लेमच्या सवयीमुळे अनेक जोडपी “आधीच दिवस गेलेत म्हणजे आपल्याला मिळणारच नाही” असं गृहीत धरून बसतात. गर्भ कधी राहिला याच्याशी प्रांताच्या विम्याचा संबंध नाही. उपचार कुठल्या तारखेला झाला, एवढाच प्रश्न आहे.

हे तीन महिने आले कुठून?

१९८४ साली कॅनडाच्या संसदेने कॅनडा हेल्थ ॲक्ट संमत केला. केंद्राकडून आरोग्यासाठी पूर्ण पैसा हवा असेल तर प्रांतांनी कोणत्या अटी पाळायच्या, ते या कायद्यात आहे. त्यातली एक अट अशी की माणूस एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात राहायला गेला तर त्याचा विमा मधेच तुटता कामा नये. नवा प्रांत त्याला थांबवू शकतो, पण तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि त्या काळात खर्च जुन्या प्रांताने उचलायचा.

आपल्याकडे पूर्वी बदली झाली की नव्या गावी रेशन कार्ड होईपर्यंत काही दिवस जायचे. तोवर जुन्या गावच्या कार्डावर धान्य मिळत राहिलं, तर चूल बंद पडत नाही. तीन महिन्यांची सोय ही अशी, एका प्रांताकडून दुसऱ्याकडे माणूस सोपवण्याची. पण पुण्याहून थेट व्हँकुव्हरला उतरलेल्या बाईच्या मागे जुना प्रांतच नसतो. तिचं जुनं कार्ड या हिशेबात धरलंच जात नाही. कायद्याने प्रांतांना थांबवण्याची कमाल मर्यादा घालून दिली, पण परदेशातून आलेल्याचा त्या काळातला खर्च कोण भरणार, याचं उत्तर दिलं नाही. जे प्रांत ही मर्यादा पूर्णपणे वापरतात, तिथे नवा स्थलांतरित या फटीत पडतो.

यात एक अपवाद आहे. निर्वासित म्हणून आलेल्यांसाठी केंद्र सरकारची वेगळी तात्पुरती आरोग्य योजना आहे आणि तिच्यात गरोदरपणाची काळजीही येते. एक्स्प्रेस एंट्रीने (गुण मोजून पीआर देणाऱ्या योजनेतून) किंवा वर्क परमिटवर आलेल्या आपल्या लोकांना ती लागू नाही.

प्रांत बदलला की उत्तर बदलतं

सगळ्यात जास्त मराठी घरं टोरांटोच्या आसपास आहेत, म्हणून ओंटारिओपासून सुरुवात करू. तिथे १९९४ पासून तीन महिन्यांचा वेटिंग पीरियड होता. जुन्या मंडळींच्या आठवणीत तोच पक्का बसला आहे. कोविडच्या साथीत, १९ मार्च २०२० पासून, ओंटारिओने तो काढून टाकला. आज पीआर घेऊन ओंटारिओत राहायला आलेल्याने कागदपत्रं घेऊन सर्व्हिस ओंटारिओच्या कचेरीत जावं, विमा थांबवून ठेवला जात नाही. म्हणजे “टोरांटोला तीन महिने काही मिळत नाही” हे उत्तर आता जुनं झालं आहे. वर्क परमिटवाल्यांचं मात्र वेगळं: ओंटारिओतल्या मालकाकडे किमान सहा महिन्यांची पूर्ण वेळ नोकरी हवी, आणि ती सिद्ध करणारं मालकाचं पत्र हवं. विद्यार्थ्यांना ओहिप मिळत नाही. म्हणून “नवरा शिकतोय, मी सोबत आलेय, बाळ होणार आहे” अशा घरात प्रश्न वेटिंग पीरियडचा नसतोच, पात्रतेचा असतो, आणि तो जास्त गंभीर आहे.

अल्बर्टा, सस्कॅचेवान, नोव्हा स्कोशिया इथे परदेशातून थेट आलेल्या पर्मनंट रेसिडेंटला आल्या दिवसापासून विमा मिळतो, अर्थात नोंदणी केली तर.

क्युबेकने मधला मार्ग काढला आहे. तिथे नोंदणीनंतर जास्तीत जास्त तीन महिने थांबावं लागतं, पण गरोदरपण आणि प्रसूतीशी संबंधित सेवा या काळातही विमा देतो. सर्दी-खोकल्याचे पैसे भरा, बाळंतपणाचे नाही. पण त्यासाठी आरएएमक्यूकडे नाव नोंदवलेलं हवं, आणि तिथून आलेलं पत्र दवाखान्यात दाखवता यायला हवं. खिडकीवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ही सवलत तोंडपाठ असेल असं धरून चालू नका. पत्र पर्समध्येच ठेवा. शिवाय सप्टेंबर २०२१ पासून क्युबेकात जन्मलेल्या मुलाला, आईवडिलांचं इमिग्रेशनचं स्टेटस काहीही असलं तरी, ते मूल तिथे राहणार असेल तर सरकारी विमा मिळू शकतो.

राहिला ब्रिटिश कोलंबिया, म्हणजे व्हँकुव्हर, सरे, बर्नबी, व्हिक्टोरिया. इथे वेटिंग पीरियड पूर्णपणे लागू आहे आणि गरोदर बाईला सवलत नाही. म्हणून पुढचा हिशेब तिथला.

३० मार्च की २ एप्रिल?

ब्रिटिश कोलंबियाचा नियम एका ओळीत सांगता येतो: ज्या महिन्यात राहायला आलात त्या महिन्याचे उरलेले दिवस, अधिक दोन पूर्ण महिने. तोंडी सगळे “तीन महिने” म्हणतात, पण तो आकडा खरा असेलच असं नाही. कधी दोन महिन्यांहून जेमतेम एखादा दिवस जास्त, तर कधी जवळजवळ पूर्ण तीन महिने. महिन्यातल्या कोणत्या तारखेला उतरता, त्यावर ते ठरतं.

एक उदाहरण घेऊ. बाळाची तारीख १२ जून आहे. जोडपं ३० मार्चला व्हँकुव्हरला उतरलं. मार्चचे उरलेले दोन दिवस, मग एप्रिल आणि मे. १ जूनला विमा सुरू. १२ जूनला बाळ आलं तर प्रसूतीचा खर्च सरकार भरेल. आता तेच जोडपं तिकीट थोडं स्वस्त मिळालं म्हणून २ एप्रिलला उतरलं. उरलेला एप्रिल, मे, जून. विमा १ जुलैला. बाळ १२ जूनला येणार. तीन दिवसांच्या फरकाने एक अख्खा महिना पुढे गेला आणि सगळं बाळंतपण विम्याच्या बाहेर पडलं. तिकिटात जे वाचलं असेल ते या बिलापुढे काहीच नाही.

पहिल्या तारखेलाही सगळं सुरक्षित आहे असं नाही. बाळं दिलेल्या तारखेला बांधलेली नसतात. सदतिसाव्या आठवड्यानंतर कधीही कळा सुरू होऊ शकतात, आणि १२ जून ही तारीख असेल तर सदतिसावा आठवडा मेच्या २२ तारखेच्या सुमारास पूर्ण होतो. म्हणजे विमा सुरू होण्याच्या दहा दिवस आधी. माझा सल्ला असा की हिशेब प्रसूतीच्या तारखेवरून न करता त्याच्या किमान तीन आठवडे आधीच्या तारखेवरून करा. तसं पाहिलं तर या जोडप्याने फेब्रुवारीच्या अखेरीस उतरायला हवं. मग विमा १ मेला सुरू होतो आणि थोडी मोकळीक राहते.

दुसरी बाजूही बघायला हवी. तारीख मागे-पुढे करताना प्रवासाची मर्यादा येते. बहुतेक विमान कंपन्या अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तिसाव्यानंतर बसू देत नाहीत. काहींची मर्यादा याहून अलीकडची असते. जुळी असतील तर ती आणखी अलीकडे येते. शिवाय मुंबई ते व्हँकुव्हर हा प्रवास वीस तासांच्या पुढे जातो. तारखांचा हिशेब जुळला म्हणून तब्येतीला न मानवणारा प्रवास कुणी करू नये. तिथे शेवटचा शब्द आपल्या डॉक्टरांचा.

आणखी एक अट अनेकांच्या लक्षात येत नाही. या थांबण्याच्या काळात कॅनडाच्या बाहेर एकूण तीस दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर विम्याची तारीख पुढे जाऊ शकते. “आठवडाभर जाऊन पीआर ॲक्टिव्हेट करून येऊ, तेवढ्यात तीन महिने मोजले जातील” हा बेत त्यामुळे चालत नाही. विमा तिथे राहणाऱ्याला आहे, आणि राहणं म्हणजे खरोखर राहणं.

एमएसपीचा अर्ज मात्र उतरल्यावर लगेच भरा. विमा जूनला सुरू होणार म्हणून अर्ज मेमध्ये भरू, असं करू नका. कागद तपासून कार्ड यायला वेळ लागतो. १ जानेवारी २०२० पासून एमएसपीचा मासिक हप्ताही बंद झाला आहे, तेव्हा लवकर अर्ज केल्याने पैसे जातील ही भीती नको.

“पण आम्ही प्रायव्हेट इन्शुरन्स घेणार आहोत”

याच वाक्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण ते म्हणणारे निश्चिंत झालेले असतात.

नवीन आलेल्यांसाठी किंवा पाहुण्यांसाठी जो खासगी विमा बाजारात मिळतो, तो अचानक उद्भवणाऱ्या आजार-अपघातांसाठी असतो. गरोदरपण त्यांच्या दृष्टीने अचानक उद्भवलेलं नाही. म्हणून नियमित तपासण्या आणि नॉर्मल प्रसूती या पॉलिसींत सहसा वगळलेल्या असतात. काही पॉलिसी गरोदरपणातल्या गुंतागुंतीचा खर्च देतात, पण ठरावीक आठवड्यापर्यंतच, म्हणजे नेमका धोका वाढतो त्या शेवटच्या आठवड्यांत हात वर करतात. काहींत पॉलिसी सुरू झाल्यानंतर गर्भ राहिला असेल तरच विचार होतो. आणि नवजात बाळ हा त्यांच्या लेखी वेगळा माणूस असतो. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर आईच्या पॉलिसीतून त्याचा खर्च निघेल असं समजू नका. खर्च आभाळाला भिडतो तो इथे.

याचा अर्थ पॉलिसी घेऊच नये असा नाही. तीन महिन्यांत अपेंडिक्स फुटू शकतं, बर्फावरून पाय घसरू शकतो. त्यासाठी जरूर घ्या. पण एजंटला लेखी विचारा: नॉर्मल डिलिव्हरी? सिझेरियन? कितव्या आठवड्यापर्यंत? बाळाचा पहिल्या दिवसापासूनचा खर्च? “हो हो, सगळं कव्हर आहे” या फोनवरच्या उत्तराला काही किंमत नाही. पॉलिसीच्या कागदात ‘वगळलेल्या गोष्टी’ हा भाग असतो, तो आधी वाचा.

“नवऱ्याच्या कंपनीचा विमा आहे” हेही असंच. भारतात कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत प्रसूतीला बहुधा पहिल्या दिवसापासून पैसे मिळतात, म्हणून तीच अपेक्षा असते. कॅनडात कंपनीचा विमा सरकारी विम्यावरची जोड असतो. औषधं, दात, चष्मा, फिजिओथेरपी. डॉक्टर आणि इस्पितळ सरकारने भरायचं, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. काही मोठ्या कंपन्या नव्या माणसासाठी मधल्या काळाचा वेगळा विमा काढून देतात. ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी एचआरला हा एकच प्रश्न विचारा: प्रांताचा विमा सुरू होईपर्यंत इस्पितळाचा खर्च कोण भरतो? नोकरी ठरत असतानाच ही मागणी पदरात पडते, रुजू झाल्यावर नाही.

पगारी बाळंतपणाच्या रजेचा हिशेब यापासून पूर्ण वेगळा आहे. त्यासाठी क्युबेक सोडून इतर ठिकाणी मागच्या ५२ आठवड्यांत कॅनडात ६०० तासांचं विमापात्र काम झालेलं लागतं. सातव्या महिन्यात उतरलेल्या बाईचे तेवढे तास भरत नाहीत.

“मग बाळंतपण माहेरीच करून जाऊ”

आईजवळ, ओळखीच्या डॉक्टरांकडे, आपल्या भाषेत कळा द्याव्यात, असं कुणाला वाटणार नाही? अनेकींसाठी हाच चांगला पर्याय आहे. पण त्यात दोन खड्डे आहेत.

पहिला लँडिंगच्या आधी बाळंत होणाऱ्यांसाठी. पीआरचा अर्ज चालू असताना किंवा पीआर मंजूर झाल्याच्या कन्फर्मेशनचे कागद आल्यानंतरही बाळ झालं, तर लँडिंगच्या आधी ते इमिग्रेशनला कळवावंच लागतं. बाळ अर्जात घालायचं, त्याचा जन्मदाखला, पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी करायची, मग पुढे. “आत्ता सांगितलं तर उशीर होईल, आधी उतरू आणि मग बाळाला बोलावून घेऊ” असा विचार चुकूनही करू नका. उतरताना जे मूल कागदावर दाखवलं नाही, त्याला नंतर त्याच नात्याने स्पॉन्सर करण्याची, म्हणजे आपलं मूल म्हणून पीआर मिळवून देण्याची, वाटच बंद होऊ शकते. दुसरीकडे, तुमच्या कागदांची मुदत बहुधा वैद्यकीय तपासणीच्या तारखेला बांधलेली असते आणि ती तपासणी बारा महिनेच ग्राह्य धरली जाते. म्हणजे बाळाचे कागद होईपर्यंत आईवडिलांच्या कागदांची मुदत टळत चालली आहे का, तेही बघावं लागतं. गरोदर असताना छातीचा एक्स-रे पुढे ढकलता येतो, आणि अनेकजणी तो ढकलतातही. तोवर अर्ज मात्र थांबून राहतो.

दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. आधी दोघं जाऊन लँडिंग करून आले, पीआर पक्का झाला, मग ती बाळंतपणाला नागपूरला परत आली आणि तिथे बाळ झालं. आईवडील दोघंही कॅनडाचे पर्मनंट रेसिडेंट, तेव्हा बाळही आपोआप पर्मनंट रेसिडेंट, असं वाटतं. तसं नाही. कॅनडाबाहेर जन्मलेल्या त्या बाळाला स्पॉन्सर करावं लागतं, आणि त्या कामात महिने जातात. आई तिकडे नोकरीवर हजर व्हायला निघाली आणि तीन महिन्यांचं बाळ आजीजवळ राहिलं, असे प्रसंग यातूनच येतात. याउलट कॅनडात बाळ झालं तर ते जन्मतःच कॅनडाचं नागरिक असतं, आईचा विमा तेव्हा सुरू झालेला असो वा नसो.

म्हणून मला वाटतं, प्रश्न “विमा मिळेल का” इथे संपवू नये. बाळ कुठे जन्मलं तर त्याचे कागद कसे होतील, हे विम्याच्या हिशेबाशेजारीच मांडायला हवं. काही घरांसाठी थोडं बिल भरून तिथे बाळंत होणं हेच शेवटी स्वस्त आणि कमी मनस्तापाचं ठरतं.

मधल्या काळातल्या तपासण्या

“विमा सुरू होईपर्यंत दोन महिने डॉक्टरकडे नाही गेलं तर काय बिघडतं?” हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो, पैशाच्या धास्तीने. बरंच बिघडू शकतं. २४ ते २८ आठवड्यांत गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी होते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास इंजेक्शन लागतं. शेवटच्या तीन महिन्यांत रक्तदाब चढतो तो अनेकदा काही लक्षण न दाखवता. या गोष्टी वेळेत पकडल्या तर साध्या राहतात.

पैसे कुठे घालायचे याचं गणित साधं आहे. एखादी डॉक्टरांची भेट, रक्ताची तपासणी, एखादी सोनोग्राफी, हे खिशातून भरलं तरी झेपण्यासारखं असतं. न झेपणारी असते प्रसूती. म्हणून उतरायची तारीख प्रसूती विम्यात बसेल अशी ठेवा आणि तपासण्यांना पैसे लागले तर लागू द्या.

भारतातून निघण्यापूर्वी १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी करून घ्या, जमलं तर मधुमेहाचीही तपासणी. रक्तगट, एचआयव्ही, हिपॅटायटिस, थायरॉइडचे अहवाल, धनुर्वाताची इंजेक्शनं, शेवटच्या पाळीची तारीख, हे सगळं इंग्रजीत असलेली फाइल हँडबॅगेत न्या, सामानात टाकू नका. आपल्या डॉक्टरांकडून एक पानाचा सारांश घ्या. तिकडच्या डॉक्टरला तीस कागद चाळायला वेळ नसतो. त्या एका पानाने पुन्हा होणाऱ्या निम्म्या तपासण्या वाचतात.

तिकडे नाव कुठे घालायचं, हेही आधीच बघून ठेवा. कॅनडात मिडवाइफ हा पूर्ण शिक्षण घेतलेला, परवानाधारक व्यवसाय आहे, आणि सगळं सुरळीत असलेली गरोदरपणं त्या सुरुवातीपासून प्रसूतीनंतरच्या भेटींपर्यंत सांभाळतात. ओंटारिओत तर प्रांतात राहणाऱ्या पण ओहिप नसलेल्या बायकांनाही मिडवाइफची सेवा विनामूल्य मिळते. त्या विद्यार्थ्याच्या गरोदर बायकोसाठी हे दार उघडं आहे, आणि ते फार कमी मराठी घरांना माहीत आहे. तिथल्या कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्येही ओहिपशिवाय तपासतात. इस्पितळाचं बिल मात्र वेगळं येऊ शकतं. ब्रिटिश कोलंबियात विमा सुरू होईपर्यंत मिडवाइफचे पैसेही स्वतः द्यावे लागतात. दोन्हीकडे त्यांच्या याद्या लवकर भरतात. लँडिंगच्या आधी भारतातून ईमेल करून नाव घालायचा प्रयत्न करा.

“नियम नसता तर लोक फुकट बाळंतपणाला आले असते”

हा आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला उत्तर द्यायला हवं. करदात्याच्या पैशाने चालणाऱ्या योजनेत कुणी आजच येऊन आजच फायदा घेऊ नये, असं वाटणं चूक नाही.

पण तीन महिन्यांच्या नियमाने अडतं कोण? पाहुणा म्हणून येऊन बाळंत होऊन परत जाणाऱ्याला प्रांताचा विमा एरवीही मिळत नाही. त्याला वेटिंग पीरियडने काहीच फरक पडत नाही. हा नियम लागतो तो ज्यांना कॅनडाने स्वतः वय, शिक्षण, भाषा तपासून, पैसे दाखवायला लावून, वर्षभर कागद फिरवून निवडलं, त्यांना. ते आल्या महिन्यापासून कर भरतात. त्यांचं बाळ जन्मतः त्या देशाचं नागरिक असतं. त्याच्या पहिल्या श्वासाचा खर्च कुणी भरावा यावर वाद घालणं मला पटत नाही.

ओंटारिओ हा लोकसंख्येने देशातला सगळ्यात मोठा प्रांत. सर्वाधिक स्थलांतरित तिथे उतरतात. त्याने हा नियम काढला आणि तिथली योजना चालूच आहे. क्युबेकने नियम ठेवला पण गरोदर बायकांना त्यातून सोडवलं. ब्रिटिश कोलंबियाला यातलं कुठलंही एक करता येईल, केंद्राचा कायदा आड येत नाही. त्या कायद्यात तीन महिने ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. तिथे स्थायिक झालेल्या मराठी लोकांनी आपल्या आमदारांकडे, तिथल्या भाषेत एमएलएकडे, हा विषय न्यावा असं मला मनापासून वाटतं. नव्याने उतरलेल्या बाईला मतही नसतं आणि वेळही नसतो.

इतर देशांत

ब्रिटनमध्ये व्हिसासोबत आरोग्य अधिभार आधीच भरून घेतात, फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड, आणि मग पहिल्या दिवसापासून प्रसूतीसह एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, खुली असते. ऑस्ट्रेलियात पर्मनंट रेसिडेंटला मेडिकेअर या सरकारी विम्यासाठी थांबावं लागत नाही, पण खासगी विम्यात प्रसूतीसाठी बारा महिन्यांचा वेटिंग पीरियड असतो. तिथे आपली मेडिक्लेमची समजूत बरोबर ठरते. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या विम्याला नव्या कर्मचाऱ्याला ९० दिवसांपेक्षा जास्त थांबवता येत नाही आणि गर्भारपण आधीचं म्हणून नाकारता येत नाही. मात्र सरकारी मेडिकेडसाठी १९९६ च्या कायद्याने बहुतेक नव्या ग्रीन कार्डवाल्यांना पाच वर्षं थांबवलं. २००९ पासून राज्यांना गरोदर बायकांपुरती ती अट उठवता येते. काहींनी उठवली, काहींनी नाही. तिथेही पहिला प्रश्न “कुठल्या राज्यात?” हाच.

बिल आलंच तर

कळा सुरू झालेल्या बाईला कॅनडातलं इस्पितळ दारातून परत पाठवत नाही. विमा नाही म्हणून घरी थांबू नका, हे आधी. काही इस्पितळं नाव घालतानाच अनामत रक्कम मागतात, त्यामुळे आधी जाऊन हिशेब खात्याशी बोलणं बरं.

त्यांच्याशी बोलताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, आम्ही इथे राहायला आलो आहोत, पाहुणे नाही, वेटिंग पीरियडमध्ये आहोत. अनेक इस्पितळांत परदेशी पाहुण्याचा दर आणि विमा नसलेल्या रहिवाशाचा दर वेगळा असतो, आणि सांगितलं नाही तर पहिला दर लागू शकतो. पीआरचे कागद आणि घरभाड्याचा करार सोबत न्या. दुसरं, इस्पितळाचं बिल आणि डॉक्टरांचं बिल वेगवेगळी येतात. प्रसूती करणारे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, बाळाचे डॉक्टर, प्रत्येकाचं स्वतंत्र. एकच आकडा विचारून घरी आलात तर बाकीची बिलं नंतर पोस्टाने येतात.

तपशीलवार बिल मागा आणि प्रत्येक ओळीपुढची तारीख बघा. विमा १ जूनला सुरू झाला आणि तुम्ही ३० मेला दाखल होऊन २ जूनला घरी आलात, तर जूनमधले दिवस तुमच्या खिशातून जाता कामा नयेत. कार्ड अजून आलेलं नसेल तर एमएसपीकडून विमा सुरू झाल्याची तारीख लेखी घ्या आणि ती इस्पितळाला द्या. उरलेली रक्कम हप्त्यांनी भरायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती मात्र मागावी लागते. इस्पितळात सोशल वर्कर असतो. डिस्चार्जच्या आधी, बाळ अजून तिथेच असताना, नर्सला सांगून त्याची भेट घ्या.